एका पानात बसलेला आराखडा

२० जून २०१६, सोमवार. कराराची रक्कम आठ कोटी चौऱ्याहत्तर लाख ऐंशी हजार येन. त्यातून आठ टक्के कर वजा केला की उरतात आठ कोटी दहा लाख, आणि त्यांना नऊ लाखांनी भागले की येतात नव्वद. नव्वद माणूस-महिने. सॉफ्टवेअरच्या धंद्यात काम असेच मोजतात. एक माणूस एक महिना बसला की एक नग. बसून तो काय करतो, हे त्या मापात धरत नाहीत.

होशिना मासात्सुगुने हा भागाकार बैठक सुरू होण्याआधीच टेबलाखाली बोटे हलवून उरकला होता. मणीपाटीवर शिकलेल्या माणसाची बोटे साठीलाही गप्प बसत नाहीत. ताकामात्सुच्या कचेरीतला तिसरा मजला, अठ्ठावीस अंशांच्या खाली उतरायला मनाई असलेला एसी, आणि समोर पडद्यावर चार रंगीत चौकटी. निळी, हिरवी, नारिंगी, जांभळी. चौकटींच्या मध्ये बाण.

"चार स्वतंत्र सेवा," साइगुसा म्हणाला. "कुणी कुणावर अवलंबून नाही. एक पडली तरी तीन उभ्या. आज जगभर अशीच रचना करतात."

साइगुसा हा ओसाकाच्या मुख्य कंपनीचा प्रकल्पप्रमुख. वय एकेचाळीस, दाढी गुळगुळीत, आवाजाला तूप लावलेले. गेल्या पंधरा वर्षांत त्याने प्रोग्रॅमची एक ओळ लिहिली नव्हती, पण चौकटी मात्र हजारो काढल्या होत्या.

काम होते तीन गावांच्या शालेय भोजन संघाचे. दोन स्वयंपाकघरे, सव्वीस शाळा, रोजची सहा हजार चारशे ताटे. निळ्या चौकटीत जेवणाचा बेत आणि मुलांची माहिती, हिरवीत मालाची मागणी, नारिंगीत पालकांकडून घ्यायचे पैसे, आणि जांभळीत स्वयंपाकघराचे व गाड्यांचे तक्ते.

"चारच का?" होशिनाने विचारले.

"बदल करायला सोपं जातं, होशिनासान."

होशिनाने मान डोलावली. निविदेत एक अट होती, की एक तृतीयांशाहून जास्त काम स्थानिक कंपन्यांना द्यायचे. मुख्य कंपनी धरून कंपन्या झाल्या चार. पाच असत्या तर पाचवी चौकट गुलाबी आली असती. कंपन्या आधी मोजल्या होत्या, चौकटी नंतर काढल्या होत्या. बाकीचे शहाणपण मागाहून चिकटवलेले.

नऊ लाखांच्या माणसाचे होशिना नोकरीला होता त्या स्थानिक कंपनीला सात लाख मिळत, आणि जांभळ्या चौकटीवाल्या ओनोदाला साडेपाच लाख. माणूस तोच, खुर्ची तीच, वरून खाली येताना साडेतीन लाख कुठे वाळले, हे कोणी विचारायचे नसते. निळी चौकट ओसाकाने स्वतःकडे ठेवली. पण चारही चौकटींचा मिळून जो मोठा आराखडा लिहायचा, तो मात्र होशिनाकडे आला. तो काढता येणारा माणूस ओसाकात उरला नव्हता. तिथे सगळे प्रमुख झाले होते.

होशिना सानुकी भागातलाच. आईचे तोफूचे दुकान, वडील मिठागरात. १९७५ साली वाणिज्य हायस्कूलमधून बाहेर पडला तेव्हा मणीपाटीची पहिली श्रेणी आणि जमाखर्चाची दुसरी श्रेणी एवढीच मालमत्ता होती. त्या भांडवलावर तो शहरातल्या एका हिशेब केंद्रात चिकटला. आधी कार्डांना भोके पाडायचे काम, मग प्रोग्रॅम, मग आराखडे. मासळीबाजाराचा लिलाव, बसचे पास, स्मशानभूमीतल्या जागांची नोंद, ऑलिव्हची पेढी. बेचाळीस वर्षांत त्याने आखलेल्या कामांत दिपून जावे असे काहीच नव्हते, आणि बंद पडलेलेही काही नव्हते. पहिली गोष्ट सगळ्यांच्या लक्षात राहिली, दुसरी कोणाच्याच नाही. बढतीच्या वेळी त्याच्याहून तरुण माणसे त्याच्यावर बसत गेली. येत्या मार्चअखेर तो निवृत्त व्हायचा होता, आणि कचेरीत त्याच्या टेबलाची जागा कोणाला द्यायची यावर दोन जणांत आत्ताच कुरबुर सुरू होती.

त्याची कामाची रीत जुनी होती. आराखडा काढण्याआधी तो जाऊन बघायचा. साइगुसाने संघाचे स्वयंपाकघर कधी पाहिले नाही. होशिना जुलैच्या पहिल्या आठवड्यात पांढरा कोट, टोपी आणि रबरी बूट घालून तिथे दोन दिवस उभा राहिला.

आहारतज्ज्ञ तारुमीबाई त्याला एका निळ्या फायलीपाशी घेऊन गेल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, बोलायला तिखट. फाइल एवढी फुगली होती की तिला सायकलच्या ट्यूबचा पट्टा घातला होता.

"तीनशे बारा पोरं," त्या म्हणाल्या. "अंडं, दूध, गहू, सोबाच्या शेवया, शेंगदाणा. एकाला किवी चालत नाही. त्यांच्या ताटांना पिवळं झाकण. सकाळी आठ ते नऊ फोन वाजत असतो. आजपासून अमुक बंद करा, उद्यापासून तमुक चालेल. साडेनऊला स्वयंपाकघराचा तक्ता निघतो, आणि त्यावर पिवळी झाकणं लागतात."

"रोज फोन येतात?"

"महिन्याला पंधरा-सोळा. तुमचे ते ओसाकाचे साहेब कधी येणार बघायला?"

"ते चित्र काढतायत."

"छान. माझ्याकडे रंगपेटी आहे, पाठवू?"

मग त्यांनी आवाज उतरवून दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली. दुसरीतल्या एका मुलीने उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा बदलली. जुन्या शाळेच्या यादीत तिचे नाव होते, नव्या शाळेच्या यादीत नव्हते. याद्या दोन होत्या. काकडीच्या सॅलडमध्ये मेयोनेझ होते, आणि मेयोनेझमध्ये तिला वर्ज्य असलेले अंडे. रुग्णवाहिका बारा मिनिटांत आली म्हणून मुलगी वाचली.

"तिच्या आईने मला पत्र लिहिलं. एक वाईट शब्द नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं, मी निदान चिडले असते." त्यांनी फायलीवर थाप मारली. "तेव्हापासून ही एकच. दुसरी कोणाला करू देत नाही. तुमच्या यंत्रातही एकच ठेवा, होशिनासान. बाकी काय हवं ते करा."

"एकच ठेवीन," होशिना म्हणाला. असा शब्द द्यायचा त्याला अधिकार नव्हता, हे रबरी बूट काढताना त्याच्या ध्यानात आले.

कारण साइगुसाच्या चित्रात यादी दोन ठिकाणी होती. एक निळ्या चौकटीत, तिची प्रत जांभळ्या चौकटीत. होशिनाने पुढच्या बैठकीत तोंड उघडले.

"रोज रात्री दोन वाजता निळ्यातून जांभळ्यात प्रत जाईल," साइगुसाने समजावले. "सगळं आपोआप."

"सकाळी पावणेनऊला आईचा फोन आला तर?"

"त्याच रात्री जाईल की."

"पोरगं दुपारी साडेबाराला जेवतं."

खोलीत कोणीतरी खोकले. साइगुसा हसला. "ही अपवादाची परिस्थिती झाली."

"महिन्यातून सोळा वेळा येते. जांभळ्या चौकटीला सरळ निळ्यातली यादी बघू द्या. प्रतच नको."

"असं कसं, होशिनासान? मधे जबाबदारीची रेघ आहे. ओनोदांचा प्रोग्रॅम आमच्या यादीत डोकावला आणि काही बिघडलं, तर दोष कोणाचा? प्रत असली की कसं, निळं निळ्याचं, जांभळं जांभळ्याचं." मग त्याला विनोद सुचला. "आणि तुम्ही तर वाणिज्यवाले. हिशेबात प्रत्येक गोष्ट दोनदा लिहितात म्हणे. मग दोन ठिकाणी यादी तुम्हालाच आवडायला हवी!"

सगळे हसले. ओनोदा जरा जास्तच हसला.

"दोनदा लिहितात, पण एकाच वेळी," होशिना म्हणाला. "जमा आज आणि नावे उद्या लिहिणाऱ्याला आमच्या शाळेत नापास करायचे."

हसणे थांबले. साइगुसाने वहीत काहीतरी लिहिल्यासारखे केले. "फार मोलाचा मुद्दा. हा मी सोबत घेऊन जातो."

सोबत घेऊन जातो. बेचाळीस वर्षांत होशिनाने हे वाक्य शेकडो वेळा ऐकले होते. असे सोबत नेलेले मुद्दे परत आलेले त्याने पाहिले नव्हते. ओसाकात त्यांच्यासाठी कुठेतरी गोदाम बांधलेले असावे.

जुलै गेला, ऑगस्टही गेला. दोन पत्रे पाठवली, दोन्हींना आभाराची उत्तरे आली. होशिनाने सांगितल्याप्रमाणे आराखडा लिहून काढला. एक्सेलच्या सगळ्या चौकटी चिमुकल्या करून आलेखाच्या वहीसारखे पान करायचे, त्यावर खोकी आणि बाण मांडायचे, असा तो दस्तऐवज. पाने चारशे बारा. एकशे त्रेसष्टाव्या पानावर त्याने अकरा पॉइंटच्या ठळक अक्षरांत एक ओळ टाकली: 'या रचनेत सकाळी कळवलेला बदल त्या दिवशीच्या ताटापर्यंत पोहोचत नाही'.

सप्टेंबरात ओसाकाला दोन दिवस आढावा झाला. गुणवत्ता विभागाचे तिघे जण लांब टेबलाच्या पलीकडे बसले. तिघांकडे पट्ट्या होत्या, सेंटिमीटरच्या. चारशे बारा पानांवर त्यांनी दोनशे चौदा शेरे काढले. पान त्रेसष्टवरची रेघ जाड आहे, चौसष्टवरची बारीक. काही बाणांची टोके भरलेली आहेत, काहींची पोकळ. पानाचा क्रमांक तळाच्या कडेपासून कुठे आठ तर कुठे दहा मिलिमीटरवर आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यातल्या सर्वांत तरुण माणसाने एकशे त्रेसष्टावे पान उलटले, थांबला, ती ठळक ओळ बोट ठेवून वाचली. होशिना खुर्चीत पुढे सरकला.

"शेरा क्रमांक एकशे अकरा," तो म्हणाला. "या वाक्याच्या शेवटी पूर्णविराम राहिलाय."

"राहिला खरा," होशिना म्हणाला.

"एकशे बारा. पुढचा तक्ता एका पानात मावत नाही, दुसऱ्यावर सांडलाय. नियमाप्रमाणे एक प्रक्रिया, एक ए-थ्री पान. अक्षर आठ पॉइंटच्या खाली नको."

साइगुसा होशिनाकडे वळला. त्याचा चेहरा दोन दिवसांत प्रथमच काळजीने भरला होता. "होशिनासान, हा एकशे बारा फार महत्त्वाचा. तक्ता काहीही करून एका पानात बसवा. परवापर्यंत."

"काहीही करून?"

"काहीही करून."

परतीच्या गाडीत, समुद्रावरचा पूल ओलांडताना, होशिनाने तो तक्ता मांडीवर पसरला. एकतीस खोकी. त्यांतली चौदा निव्वळ प्रतीची होती. प्रत उचल, पाठव, पोहोचली का विचार, नसेल तर तीनदा पुन्हा पाठव, तरी नसेल तर कालची वापर, कालचीही नसेल तर ओनोदाला फोन कर. त्याने पेन्सिलीने चौदा खोकी खोडली आणि एक बाण काढला, स्वयंपाकघराच्या तक्त्यापासून सरळ यादीपर्यंत. पूल संपायच्या आत काम झाले. पान अर्धे रिकामे राहिले, म्हणून त्याने अक्षर मोठे केले.

लपवाछपवी मात्र त्याने केली नाही. जमाखर्चाच्या माणसाला न नोंदवलेला व्यवहार पचत नाही. बदलांच्या यादीत एकतिसाव्या ओळीवर त्याने स्वच्छ लिहिले: जांभळ्या सेवेतील ॲलर्जी यादीची प्रत रद्द. तक्ता थेट मूळ यादीवरून. आणि शेरा एकशे बाराच्या उत्तरात: तक्ता एका पानात बसवला. एकशे अकराव्या शेऱ्यातला पूर्णविराम द्यायला वाक्यच उरले नव्हते.

साइगुसाने पान उजेडात धरले. "वा! बसलं की! अक्षर किती पॉइंट?"

"नऊ."

"नऊ!" त्याने पान गुणवत्तावाल्यांना दाखवले. त्यांनी पट्ट्या लावल्या. "असं काम हवं. बाकीच्या कंपन्यांनाही सांगा, होशिनासानांकडून शिका म्हणावं."

मग सहीऐवजी शिक्के. पहिल्या पानावर पाच चौकोन, सर्वांत मोठा साहेब डावीकडे, लिहिणारा उजवीकडे. रीत अशी, की खालच्याने आपला शिक्का किंचित डावीकडे कलता मारायचा, म्हणजे नाव वरिष्ठापुढे वाकल्यासारखे दिसते. साइगुसाचा शिक्का एवढा कलला होता की पडेल असे वाटावे. होशिनाने आपला सरळ मारला.

"तुमचा जरा ताठ आला," साइगुसा कुजबुजला.

"मान आखडलीय."

आराखडा मंजूर झाला. चारशे बारा पाने वाचणारा आता पृथ्वीवर एकच माणूस उरला होता, आणि तो म्हणजे त्याप्रमाणे ज्याला काम करायचे होते, तो ओनोदा.

ओनोदा एकेकाळी होशिनाच्या हाताखाली होता. बारा वर्षांपूर्वी त्याने स्वतःची कंपनी काढली. सायकलच्या दुकानावरच्या माडीत तो, त्याचा मेहुणा आणि दोन प्रोग्रॅमर. कंपनी काढल्यापासून त्याच्या तोंडी साइगुसाचे शब्द येऊ लागले होते, पण दर साडेपाच लाखांवरच अडकला होता. ऑक्टोबरात त्याने होशिनाला दुपारी उदोनच्या, म्हणजे जाड शेवयांच्या, दुकानात गाठले. ट्रेमध्ये मधल्या आकाराचा वाडगा आणि चिकुवाचा, म्हणजे माशाच्या वडीचा, तळलेला तेनपुरा घेऊन गल्ल्यापाशी आला, तर त्याच्याकडे दहा हजारांचीच नोट. गल्ल्यावरच्या बाईने नोटेकडे असे पाहिले की ती त्याने मुकाट्याने परत खिशात घातली. होशिनाने त्याचेही पैसे भरले.

"एकतीस नंबरची ओळ," ओनोदा बसायच्या आत म्हणाला. "प्रत रद्द."

"वाचलीस म्हणजे! शाबास. तू पहिलाच."

"थट्टा राहू द्या. त्या प्रतीचे तीन माणूस-महिने माझे होते. साडेसोळा लाख. मेहुण्याचा पगार त्यातून काढणार होतो."

"ओनोदा, पावणेनऊला आईचा फोन येतो आणि साडेबाराला पोरगं जेवतं. त्या प्रतीने त्याच्या ताटात तीळ पडतील."

"ते ओसाका बघेल ना! आपण का घसा ताणायचा?"

"बरं, तुझ्या सोयीचं बोलू. रात्री दोनला प्रत अडकली की फोन कोणाचा वाजणार?"

ओनोदा चघळायचा थांबला. "माझा."

"किती वर्षं?"

"पाच."

"त्याचे पैसे?"

"नाहीत." त्याने वाडगा तोंडाला लावून रस्सा संपवला. "पण पाच वर्षांचा त्रास पाच वर्षांत होईल. साडेसोळा लाख आत्ता जातायत. तुम्ही मार्चमध्ये घरी बसणार, होशिनासान. फुलांचा गुच्छ घेऊन. मी इथेच आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे साइगुसासानांना फोन करणार. तोंडावर सांगतोय, मागून नाही."

"तेवढं तरी शिकलास माझ्याकडून."

ओनोदाने खरोखरच फोन केला. तिसऱ्या दिवशी साइगुसा ताकामात्सुला हजर. होशिनाला त्याने छोट्या खोलीत घेतले आणि दार लावले. होशिनाच्या डोळ्यांपुढे ट्यूबचा पट्टा घातलेली ती निळी फाइल आली. आता प्रत परत बसणार, आपण दिलेला शब्द बुडणार. आपण मात्र फुलांचा गुच्छ घेऊन घरी जाणार.

"तुम्ही रचना बदललीत," साइगुसा म्हणाला. त्याच्या आवाजातले तूप गोठले होते.

"बदलली. एकतिसाव्या ओळीवर लिहिलंय. वर तुमचा शिक्का आहे."

साइगुसाने पान उघडून एकतिसावी ओळ वाचली. "ठीक आहे. प्रत परत घाला."

"घालतो. चौदा खोकी वाढतील. तक्ता पुन्हा दोन पानांवर जाईल, आणि एकशे बारा नंबरचा शेरा पुन्हा उघडेल."

बंद झालेला शेरा पुन्हा उघडणे म्हणजे काय, हे त्या खोलीत साइगुसाइतके कोणाला ठाऊक नव्हते. गुणवत्ता विभाग, पट्ट्या, खुलाशाचे पत्र, विभागप्रमुखापुढे वाकणे.

"अक्षर लहान करून?"

"साडेपाच पॉइंट करावं लागेल. नियम आठचा आहे."

"मग प्रत नाही असं धरलं," साइगुसा सावकाश म्हणाला, "तर वेळापत्रकातली सत्तावन्नावी ओळ? तीन माणूस-महिने?"

"ते काम आता नाही. ओळ काढा."

"काढा? नव्वदचे सत्त्याऐंशी होतील! संघाला सत्तावीस लाख परत द्यावे लागतील, शिवाय कर. आणि त्या वेळापत्रकावर अकरा शिक्के आहेत, होशिनासान. अकरा!"

तो खिडकीपाशी गेला. बंदरात फेरी लागत होती. ती लागेपर्यंत त्याने पाहिले. मुलांच्या ताटांविषयी तो अजून एक शब्द बोलला नव्हता, आणि पुढेही बोलला नाही. मग वळला तेव्हा आवाजात तूप परत आले होते.

"हा सगळा विषय मी सोबत घेऊन जातो."

होशिना कमरेतून वाकला, नियमाप्रमाणे, पंचेचाळीस अंश. आयुष्यात पहिल्यांदाच हे वाक्य ऐकून त्याला बरे वाटले. विषय ओसाकाला गेला, आणि बाकीच्यांप्रमाणे तिथेच राहिला.

सत्तावन्नावी ओळ वेळापत्रकात जशीच्या तशी उरली. तीन महिने ओनोदा दर शुक्रवारी त्या ओळीवर प्रगती भरत होता. आधी दहा टक्के, मग पंचवीस, मग चाळीस. नसलेले काम नेमाने पुढे सरकत होते, आणि अख्ख्या प्रकल्पात ठरल्या वेळेवर चाललेले ते एकच काम होते. साइगुसाने त्याची एका बैठकीत स्तुतीही केली. होशिनाला त्या ओळीकडे बघवत नसे. खोटी नोंद ती खोटी नोंद. त्याने साइगुसाला ते लेखी कळवले, आभाराचे उत्तर आले.

"पैसे मिळतायत ना आता?" एका शुक्रवारी त्याने ओनोदाला फोनवर गाठले. "मग त्या तीन महिन्यांत खरं काहीतरी कर. तारुमीबाईंकडे जा. तीनशे बारा पोरांची नावं घालून सकाळचे फोन खोटे-खोटे करून बघ. प्रत्येक नाव साडेनऊच्या तक्त्यात येतं का ते तपास."

"साडेपाच लाखांत एवढं?"

"साडेपाच लाखांत तू सध्या आकडे रंगवतोयस."

ओनोदा गेला. कुरकुरत गेला, पण गेला. फेब्रुवारीत तारुमीबाईंनी त्याला रबरी बूट घालून आठवडाभर उभे केले, आणि तो वीस वर्षांत जेवढा वाकला नव्हता तेवढा ओट्यापुढे वाकून झाकणे मोजत राहिला. अठ्ठावीस चुका सापडल्या. सगळ्या त्याच्याच होत्या, त्याने सगळ्या दुरुस्त केल्या आणि कोणाला सांगितल्या नाहीत.

एकतीस मार्च २०१७ ला होशिनाला फुलांचा गुच्छ मिळाला. ओसाकाहून साइगुसाचा संदेश वाचून दाखवण्यात आला. त्यात होशिनासानांच्या 'नीटनेटक्या मांडणीचे' कौतुक होते. त्याच वसंतात साइगुसाला कंपनीचे वार्षिक पारितोषिक मिळाले, चार स्वतंत्र सेवांच्या रचनेबद्दल. त्याच्या पडद्यावरच्या चित्रात निळ्याकडून जांभळ्याकडे जाणारा रात्री दोनचा बाण अजूनही आहे. होशिनाच्या टेबलावर सोमवारपासून छपाईयंत्र ठेवले.

तेरा एप्रिलला दुपारी एक वाजता त्याच्या घरचा फोन वाजला. तो अंगणात कुंड्यांतली माती बदलत होता.

"तारुमी बोलतेय. आज सकाळी एका आईचा फोन आला. काल रात्री पोराच्या ओठांना सूज आली, तीळ बंद करा म्हणाली. आज पालकाची तिळाची कोशिंबीर होती."

"फोन किती वाजता आला?"

"आठ बावन्न."

"तक्ता?"

"साडेनऊ. नाव होतं. पिवळं झाकण लागलं."

होशिनाने हाताची माती विजारीला पुसली. "जेवला?"

"दुसऱ्यांदा वाढून घेतलं म्हणे. हावरट आहे. निळी फाइल मी आज कपाटात ठेवली, होशिनासान. वर. हात पोहोचत नाही तिथे."

"बरं केलंत."

त्याने फोन ठेवला आणि उरलेल्या दोन कुंड्या भरल्या.

ऑक्टोबरातल्या त्या दुपारचे मधल्या वाडग्याचे तीनशे वीस आणि चिकुवाच्या तेनपुऱ्याचे एकशे दहा, असे एकूण चारशे तीस येन ओनोदाकडून होशिनाला अजून येणे आहे.